दोन चुली, एक नंबर

मुलीच्या साखरपुड्याला मी एकाच माणसाला तीन पत्रिका पाठवल्या. हे गृहस्थ रावेरकडचे केळीवाले, माझ्या वडिलांचे जुने मित्र. त्यांना सगळे नाना म्हणतात. वडिलांच्या वहीत त्यांचं नाव होतं, माझ्या यादीत होतं आणि धाकट्या भावाच्या यादीतही होतं. तिन्ही याद्या मीच एकापुढे एक जोडल्या होत्या. नाना जळगावला आमच्या दारात आले, चपला काढल्या, खिशातून तिन्ही पत्रिका काढून टीपॉयवर पत्त्यांसारख्या मांडल्या आणि म्हणाले, "भाऊ, सध्या मी एकटाच आलो. बाकीचे दोन नाना मागच्या गाडीनं येता. ताटं तीन मांडजो."

सगळे हसले. व्याही धुळ्याचे, नवीन सोयरीक, तेही हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं. मी सरकारी कचेरीत सव्वीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. आमच्या साहेबांना कम्प्युटर सुरू करून द्यायला मी लागतो. एक्सेलमधलं काहीही अडलं की चार टेबलांवरून मलाच हाका येतात. अशा माणसाच्या यादीत तीन नाना निघावेत! मी मनाशी ठरवलं, लग्नाच्या यादीत एकही नाव दोनदा येणार नाही.

माझी सगळी चूक या ठरवण्यात आहे. पुढचं फक्त तपशील म्हणून सांगतो.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आम्हीच काय, त्यांच्या सख्ख्या बहिणीसुद्धा आबाच म्हणायच्या. आबांनी लग्नकार्यासाठी एक लांबडी वही केली होती. गावागणिक पान, आणि पानावर एकेका ओळीत एकेक चूल. माणूस नाही, चूल. आमच्याकडे पत्रिका माणसाला नसते, चुलीला असते. चार भाऊ एकत्र जेवत असतील तर चौघांत एक पत्रिका. वेगळे निघाले, मधे विटांची भिंत पडली, दोन ठिकाणी धूर निघायला लागला की दोन पत्रिका. मग ते एकाच ओट्यावर बसत का असेनात. एका चुलीला दिलेली पत्रिका दुसऱ्या चुलीला चालत नाही. "सहकुटुंब सहपरिवार" असं त्यावर छापलेलं असतं, पण त्या परिवाराची हद्द त्या भिंतीपाशी संपते. कोणाकडे भिंत पडली हे आबांना त्या घरातल्या लोकांच्या आधी कळायचं, आणि ते वहीत एक ओळ वाढवायचे.

आबांना जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्यांची वही मी दिवाळीच्या सुट्टीत एक्सेलमध्ये उतरवली. गाव, नाव, नातं, मोबाईल असे चार रकाने केले. आबांच्या वहीत मोबाईलचा रकाना नव्हता, तो माझा शोध. आणि रिकामा रकाना मला बघवत नाही, हा कारकुनी आजार आहे. ज्याचा नंबर नव्हता त्याच्यापुढे मी त्याच्या मुलाचा, पुतण्याचा, शेजाऱ्याचा, जो मिळेल तो नंबर भरला. त्याच्याखाली भावाची यादी, माझी कचेरीची यादी आणि बायकोची माहेरची यादी जोडली. बायको धुळ्याची. तिची यादी तिच्या अक्कांनी फोनवर सांगितली आणि मी टाइप केली. एकूण हजाराला थोडी कमी नावं झाली.

आता दुबार नावं कशी काढायची? नावावरून काढणं अशक्य होतं. एकच माणूस एका यादीत आप्पा, दुसरीत गुरुजी, तिसरीत पूर्ण नावाने आणि चौथीत नुसता 'डेअरीवाले' असा होता. तेव्हा मला ती युक्ती सुचली. त्या युक्तीचं मला इतकं कौतुक वाटलं की मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं.

"हे बघ," मी म्हणालो, "माणसाची नावं चार असतील, पण मोबाईल नंबर एकच असतो. नंबर सारखा तो माणूस सारखा. मी फक्त नंबरचा रकाना निवडतो आणि सांगतो, दुबार असतील ते काढून टाक."

"मग काढा की," ती म्हणाली. तिचे हात पिठाचे होते.

मी बटण दाबलं. क्षणात चौकट आली: एकशे बारा दुबार नोंदी सापडल्या व काढून टाकल्या. आठ दिवसांचं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत. मी फाईल सेव्ह केली आणि बंद केली. कोणत्या एकशे बारा ते बघितलं नाही. बघायचं असतं तर मग मशीन कशाला, असा माझा त्या वेळचा रुबाब होता.

लेबलं छापली गेली, पत्रिकांवर चिकटली. गावोगाव जाऊन पत्रिका वाटायचं काम धाकट्या भावाने केलं. चोपड्याकडची सगळी गावं त्याने दोन दिवसांत उरकली. माझी यादी हातात, गाडी फिरवायला सोपं पडेल असा क्रमही मीच लावून दिला होता. तो फोनवर म्हणाला, "भाऊ, यावेळी एकही पत्रिका उरली नाही आणि एकही कमी पडली नाही." मी कचेरीत दोन दिवस हेच सांगत फिरत होतो.

लग्न मेमध्ये, जळगावच्याच एका मंगल कार्यालयात झालं. मुहूर्त दुपारी साडेबाराचा होता. अकराच्या सुमारास चोपड्याकडची जीप आली आणि मोठी फुई उतरली. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. मला दोन फुया. त्या दोघी सख्ख्या बहिणी चोपड्याजवळच्या एका खेड्यात एकाच घरात, दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. बहिणीही त्याच आणि जावाही त्याच. लग्नानंतर दहा-बारा वर्षांनी कशावरून तरी बिनसलं, स्वयंपाकघरात भिंत पडली. तेव्हापासून ओटा एक आणि चुली दोन. मोठीला मुलगे, सुना, नातवंडं. धाकलीला एकच मुलगी, ती शिरपूरकडे दिलेली. नवरा गेल्यापासून धाकली एकटीच असते.

मोठी फुई उतरली, मागून तिचे मुलगे, सुना उतरल्या, जीप रिकामी झाली. मी आत डोकावून बघितलं.

"धाकली फुई कुठाय?"

मोठ्या फुईने पदर सारखा केला. "ती कशी येई भाऊ? तिनी चूल येगळी शे. तिनी चूलले पत्रिकाच नई उनी."

मी म्हणालो, असं होणारच नाही. पत्रिका दोन होत्या. आबांच्या वहीत दोन ओळी आहेत, मी माझ्या हाताने उतरवल्यात. असं म्हणता म्हणताच त्या दोन ओळींपुढचा मोबाईलचा रकाना मला आठवायला लागला.

मी मोबाईल काढून 'धाकली फुई' असं नाव शोधलं आणि फोन लावला. माझ्यापासून दहा पावलांवर रिंग वाजली. मोठ्या फुईच्या थोरल्या मुलाने खिशातून फोन काढला, कानाला लावला आणि माझ्याकडे बघतच म्हणाला, "बोला भाऊ."

धाकल्या फुईकडे फोनच नव्हता. तिच्या नावापुढे मी याचा नंबर भरला होता. मोठीच्या नावापुढेही याचाच. वरची ओळ राहिली, खालची गेली.

आणि तिच्याकडे फोन का नव्हता, तेही सांगितलं पाहिजे. तीनेक वर्षांपूर्वी ती मला म्हणाली होती, "भाऊ, माले बी एक फोन ली दे. साधा, बटनवाला." तेव्हा मी तिला समजावून सांगितलं होतं, फुई, कशाला? चार्ज करत बसावं लागतं, हरवतो, भलतेसलते लोक फोन करतात. एका ओट्यावर दोन फोन कशाला? मोठीच्या पोराकडे आहे ना, काही निरोप असला तर तो देईल. ती "बरं" म्हणाली. एकाच ओट्यावर राहणाऱ्या दोन बहिणी एकमेकींशी चाळीस वर्षं मोजकंच बोलतात, हे मला माहीत होतं. तरी मी हे शहाणपण सांगितलं.

मी धाकट्या भावाला बाजूला घेतलं. "तू तिच्याकडे गेला नव्हतास?"

"गेलो ना. ओट्यावरच बसली होती. चहा तिनंच केला."

"मग पत्रिका?"

"तिच्या नावाचं लेबल नव्हतं, भाऊ." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "म्हटलं, भाऊनी काही विचार करूनच काढलं असेल. मोठ्या फुईला दिली आणि निघालो. चहा ती दुसऱ्यांदा देत होती, मीच नको म्हटलं."

"एक फोन करायचा मला."

"यादी तर तूच केली होती," तो म्हणाला.

तो म्हणाला, मी आत्ता गाडी काढतो, घेऊन येतो. मी घड्याळ बघितलं. चोपडा जाऊन-येऊन तीन तास. मुहूर्ताला दीड तास होता. मी त्याला थांबवलं. म्हटलं, लग्न लागून गेल्यावर तिला आणून मांडवात बसवायची म्हणजे अजून लाज. नंतर मी स्वतः जाऊन पाय धरीन. हे मी फार समजूतदार चेहऱ्याने म्हणालो. प्रत्यक्षात काय झालं, तर धुळ्याची मंडळी नवरदेवाच्या पुढे बँड लावून नाचत होती. ते रस्त्यावरून कार्यालयाच्या दारात यायलाच अडीच वाजले. लग्न लागलं तीनला. पाठवणी झाली सहाला. भाऊ गेला असता तर अक्षता टाकायला, जेवायच्या पंगतीला आणि पाठवणीला, सगळीकडे फुई हजर असती. आमच्याकडची वरात वेळेवर येत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फक्त त्या दिवशी मला माहीत नव्हतं.

या फुईकडे मी दोन वर्षं राहिलो होतो. अकरावी-बारावीला. आमच्या गावात कॉलेज नव्हतं, तिच्याकडून सायकलवर चोपड्याला जायचो. सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर तेल-तिखट, आणि डबा वेगळा. बारावीला गणितात नापास झालो. तेव्हा निकालाचा कागद घेऊन तिच्या दारात उभा राहिलो. तिला वाचता येत नाही. तिने कागदाकडे बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ताट वाढलं. म्हणाली, "पहिले जेव, मंग रड." मी जेवलो आणि मग रडायचं राहूनच गेलं. आबांना सांगायलाही तीच गेली होती. आबा मला काही बोलले नाहीत. ती त्यांना काय म्हणाली ते आजतागायत मला माहीत नाही.

लग्नानंतर लगेच जायचं ठरवलं होतं. मग मांडवपरतणी आली, सत्यनारायण आला, कचेरीत तपासणी लागली. खरं कारण यातलं एकही नाही. दरम्यान मी बटण दाबायच्या आधीची जुनी प्रत शोधून काढली आणि त्या एकशे बारा नोंदी एकेक करून बघितल्या. बहुतेक खरोखरच दुबार होत्या. पण वीस-पंचवीस माणसं खरी निघाली. एकाच फोनवर भागवणारी म्हातारी माणसं, एका दुकानाचा नंबर देणारी शेजारची घरं. त्यातले काही लग्नाच्या आधीच तणतणत आले होते, तरी तेव्हाही मी यादी उघडून बघितली नव्हती. एक चुलतभाऊ तर दारातच ओरडला होता, "आम्ही मेलो का रे तुले?" त्याला हाताला धरून बसवलं, पत्रिका दिली, तो जेवून गेला. ओरडणाऱ्यांचं बरं असतं, त्यांचा राग निस्तरता येतो.

शेवटी वीस दिवसांनी गेलो. बायकोने पातळ घेऊन दिलं होतं. "मी येऊ का?" असं तिने विचारलं. मी म्हणालो, नको, माझी चूक आहे, मीच निस्तरतो.

धाकली फुई ओट्यावर तांदूळ निवडत होती. "ऊना का भाऊ? ये. बस." आवाजात काही नव्हतं, ना राग ना लाड. पाणी दिलं. पोरगी सासरी रुळली का विचारलं. जावई काय करतो ते विचारलं, जणू तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सांगितलं नव्हतंच. मी पातळ पुढे केलं. तिने ते उचललं नाही, सुपाशेजारी तसंच राहू दिलं.

मग म्हणाली, "एक इचारू? खरं सांगशी?"

"विचार ना, फुई."

"आबाना तेराव्याले मी तुनी बायकोले बठ्ठासमोर सांगं, वरण अळणी शे. तेच ना?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. वीस दिवस ती बाई तिथे बसून आपण काय चुकलो ते शोधत होती. सगळं आयुष्य उलटसुलट करून तिला एवढंच सापडलं होतं. आबांच्या तेराव्याला, पंगत बसलेली असताना, तिने माझ्या बायकोला वरणात मीठ नाही असं मोठ्याने सांगितलं होतं. म्हणून तिचं नाव कापलं गेलं, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

"तिले सांग," ती म्हणाली, "फुईनी जीभ लांब शे, मन काळं नई."

मी पाय धरायला गेलो होतो आणि ती माझी माफी मागत होती.

मी तिला सगळं सांगायला लागलो. यादी, रकाना, नंबर, बटण. तोंडातून निघताना ते मलाच खोटं वाटत होतं. मी म्हणालो, फुई, मी तुझं नाव काढलं नाही. मशीनने काढलं. तुमचा दोघींचा नंबर एक, म्हणून मशीनला वाटलं दोघी एकच.

तिने सूप खाली ठेवलं. "म्हंजे आम्ही दोन्ही बहिनी एक व्हई ग्यात?"

"हो."

ती हसली. खरंच हसली, दातांवर पदर धरून. "आबा चाळीस वरीस खपना त्याना पायी. आबाले जे नई जमनं ते तुना मशीननी करं!"

मीही हसलो. वाटलं, सुटलो. लगेच म्हणालो, फुई, चल जळगावला. आत्ताच चल माझ्याबरोबर, चार दिवस राहा. पोरगी-जावई पण येतील.

"येसू ना," ती म्हणाली. "बलाव्हशी तव्हय येसू."

"आत्ता बोलावतोय की!"

"हाई बलावनं नई भाऊ." तिने पुन्हा सूप मांडीवर घेतलं. "हाई तू तुनं वझं उतारी राह्यना."

यानंतर तिने चहा केला. मी प्यायलो. निघताना तिने आतून एक फडक्यात बांधलेलं गाठोडं आणून माझ्या हातात दिलं. ज्वारीचे बिबडे होते, पापडासारखे उन्हात वाळवलेले, एकसारखे, ताटाएवढे. एप्रिलमध्ये केले होते म्हणाली. नवरीच्या रुखवतात ठेवायला. पत्रिका वाटायच्या आधी केले होते, हे तिने सांगितलं नाही. ते मी हिशेब करून ओळखलं. रुखवत संपलं होतं, पण घरात खायला होतील म्हणाली. पातळ तिथेच सुपाशेजारी होतं. तिने ठेवून घेतलं की मोठीच्या सुनेला दिलं, माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

परतीच्या एसटीत गाठोडं मांडीवर धरून बसलो होतो. बिबडे मोडू नयेत म्हणून प्रत्येक खड्ड्याला मी ते वर उचलत होतो. तरी चार-पाच मोडलेच.

घरी आलो तेव्हा बायको ओट्यापाशी भाजी चिरत होती. मी खुर्ची ओढून तिथेच बसलो आणि सगळं सांगितलं. गोष्टी रंगवून सांगायची हौस असलेल्या आम्हा लोकांची खोड अशी की दुःखातसुद्धा हशा कुठे येतो ते आम्ही हेरून ठेवतो. त्यामुळे मिठाचा भाग मी शेवटी ठेवला होता, आणि फुईचा आवाज काढून सांगितला. "म्हणे, वरण अळणी म्हटलं म्हणून नाव कापलं! बघ, माणूस एकटं राहिलं की काय काय डोक्यात घेतं."

ती हसली नाही. विळी आडवी केली, हात पुसले.

"अळणीच होतं वरण," ती म्हणाली. "पण दोनशे माणसांसमोर बोलल्या, ते मला फार लागलं होतं. वर्षभर मनात होतं. तुम्हाला कधी दिसलं नाही."

मी मांडीवरचं गाठोडं ओट्यावर ठेवलं.

"लेबलं मी चिकटवली ना पत्रिकांना? धाकल्या फुईंचं त्यात नाही, हे मला तेव्हाच दिसलं होतं. वाटलं, तुम्हीच काढलंत. मला लागलं होतं ते तुम्हाला कळलं होतं, आणि इतक्या वर्षांत एकदा तरी तुम्ही न सांगता माझ्यासाठी काही केलंत, असं वाटलं. म्हणून नाही बोलले."